घाई नसलेलं गिऱ्हाईक

दर सोमवारी म्बाह वारसिती सकाळी सातच्या आत बूट घालून तयार व्हायची. कुठेही जायची नाही. नऊ वाजले की बूट काढून, पुसून, पलंगाखाली ठेवायची.

दाराकडे पाठ करून बसायची नाही.

बाह्या मनगटापर्यंत, बारा महिने. आंघोळ पहाटेच, सारोंग छातीशी घट्ट बांधून, कडी लावून. कडी लावल्यावर दाराला आतून खुर्चीही टेकवायची. घरात तिच्याशिवाय कुणी नसायचं.

ताप आला तर हळद-चिंचेचा काढा. दवाखाना नाही. एकदा नर्सने सुईसाठी नुसता दंड मागितला, तर ही चप्पल हातात घेऊन घरी आली.

फोटोसाठी कुणी उभं केलं की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

कापड कापताना गुणगुणायची. मुलांचं गाणं असावं, चाल उड्या मारत जायची. शब्द यायच्या जागी थांबायची आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा नुसती चाल.

अंगणात मुली खेळायला लागल्या की खिडकी लावून घ्यायची. ही सवय मी लहानपणापासून पाहिली होती. कारण मला चोविसाव्या वर्षी कळलं.

गल्लीतले सगळे तिला म्बाह म्हणायचे, आजी. तिला मूलबाळ नव्हतं. कुठून आली हेही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पूर्वेकडून कुठून तरी, एवढंच. आमचं घर तिच्यापासून चौथं. समोर मी तिला ‘तुम्ही’ म्हणायची. मनात मात्र ती नेहमी ‘ती’च होती.

ती नमाजाची पांढरी वस्त्रं शिवायची. डोक्यापासून पावलांपर्यंतची, काठावर मोगऱ्याची वेल. गुडघे गेल्यापासून मशीन बंद होतं, सगळं हाताने. मशिदीत बायकांच्या मागच्या रांगेत उभं राहिलं की पुढे ओळीने तिचाच टाका दिसायचा. असा टाका कुठे शिकलात म्हणून कुणी विचारलं की म्हणायची, “होस्टेलमध्ये.”

मी विद्यापीठातून पदवी घेऊन परत आले. नोकरी नव्हती. आईने आपल्या नमाजाच्या वस्त्राची फाटलेली वेल सांधून आणायला मला पाठवलं, तेव्हापासून माझं जाणं-येणं सुरू झालं. तिला आता सुईचं भोक दिसत नसे. दर रविवारी मी दहा सुयांत लांब दोरा ओवून सुयांच्या उशीत टोचून ठेवायची. आठवडाभर पुरायच्या.

“चार वर्षं शहरात काय शिकलीस म्हणालीस?”

“साहित्य, म्बाह.”

“म्हणजे काय करतात?”

“वाचतात. मग वाचलेल्याबद्दल लिहितात.”

“आणि पगार?”

“तो नाही मिळत.”

“मग दोरा ओव. पगार यातही नाही, पण तळलेलं केळं मिळतं.”

ती केळं तळायची, मी दोरा ओवायची. कधी मी तिला वाचून दाखवायची. प्रेमकथा तिला आवडत नसत. “ही बाई पाच पानं झाली रडतेय,” ती म्हणायची, “हिच्या घरची भांडी कोण घासतंय?”

त्या वर्षी एक लांब पांढरा झगा तिच्या मांडीवर यायचा आणि जायचा. दुहेरी कापड, गळ्यापासून पावलांपर्यंत बंद. वेल नाही, काठ नाही. दोन्ही कुशींना खिशांसाठी ठेवाव्यात तशा फटी, पण खिसे नव्हते.

“हा कुणाचा?”

“आहे एक गिऱ्हाईक.”

“खिसे लावायचे राहिले.”

“तिला खिसे नकोत.”

“द्यायचा कधी?”

“तिला घाई नाही,” ती म्हणाली आणि दुसरं काम पुढे ओढलं.

मग मशिदीच्या महिला मंडळाने मयताला आंघोळ घालायचं शिक्षण ठेवलं. आमच्या गल्लीत हे काम बु मार्फुआ, म्हणजे मार्फुआबाई, आणि तिच्या हाताखालच्या चार बायका करतात. बु मार्फुआला साठी उलटली होती, तिला नव्या मुली तयार करायच्या होत्या. म्बाह मला म्हणाली, “तू जा. शीक.”

“मी कशाला? मला भीती वाटते.”

“म्हणूनच जा.”

मी गेले. बाकावर एक कापडी बाहुली निजवली होती. बु मार्फुआ कमरेवर हात ठेवून उभी. आम्ही पाणी ओतायला लागलो तशी ती ओरडली, “हळू गं हळू. मेलेली आहे, तुमची सून नाही.” मग शेजारच्या जुमियातुनला म्हणाली, “कढई घासतेस का? तुझ्या घरची कढई तर अशी कधी चकाकताना पाहिली नाही.” बोराच्या पानांचं पाणी, मग साधं, मग कापराचं. छातीपासून गुडघ्यापर्यंत कापड असूच द्यायचं, हात कापडाखालून. शेवटी आवाज खाली आणून ती म्हणाली, “आणि जे दिसेल ते बाहेर सांगायचं नाही. कधीच नाही. मयताचं झाकलं तर देव आपलं झाकतो.”

मी परत येऊन म्बाहला सगळ्याची नक्कल करून दाखवली. कढईचं ऐकून ती इतकी हसली की बाहीने डोळे पुसावे लागले. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, “मला तू धुवायचंस.”

“म्बाह, तुम्ही अजून...”

“मार्फुआ नाही, जुमियातुन नाही. तू. पाणी ओतायला कुणी लागली तर तिने पडद्याबाहेरून हात आत घालून ओतावं. तिला सांगायचं, म्हातारीची शेवटची इच्छा होती. हो म्हण.”

“पण कापड तर असतंच ना अंगावर?”

“ओलं झालं की कापड असून नसल्यासारखं. हो म्हण न्दुक, पोरी.”

“हो.”

पुढच्या रविवारी मी पाचवी सुई ओवत होते. तिने दार लावलं, खुर्ची टेकवली. “बघून घे,” ती म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी दचकायची नाहीस.” आणि गुडघ्यावरून सारोंग वर घेतला.

मांडीच्या आतल्या बाजूला, पार वर, ती खूण होती. गोंदलेली नव्हती. कापलेली आणि भाजलेली होती. कातडी जुनी होऊन खाली ओघळली होती, तरी आकार ओळखू येत होता. विळा, आणि आडवा हातोडा.

मी नजर फिरवली. माझ्या हातातली सुई खाली पडली, ती शोधायचं निमित्त केलं.

तिने सारोंग खाली घेतला. “झालं. आता चहा टाक.”

चहा मी टाकला, पण तो तिनेच गाळला. मग तिने सांगितलं, रोजच्या आवाजात, हिशेब समजावून द्यावा तसं. तेव्हा ती वीस वर्षांची होती. बालवाडीत शिकवायची. बालवाडी बायकांच्या एका संघटनेची होती. संघटना कुठल्या पक्षाची, यावर तिने कधी डोकं चालवलं नव्हतं. नुकतीच सत्ता हाती घेतलेल्या जनरलची माणसं आली आणि बालवाडीच्या चारही शिक्षिकांना कापडाच्या गोदामात घेऊन गेली. तेव्हा गावोगाव बोललं जात होतं की त्या संघटनेच्या बायका मांडीवर खूण गोंदवून घेतात.

“मला उभं करून शोधली. नव्हती. सापडणार कुठून? मग एक जण दुसऱ्याला म्हणाला, साहेबांना काय दाखवायचं? तेव्हा त्यांनीच ती केली.”

ती चहा प्यायली.

“बाकीचंही झालं. ते वरून दिसत नाही, म्हणून ते तुला सांगत नाही.”

होस्टेल म्हणजे तुरुंग. चौदा वर्षं. तिथे भरतकाम शिकवत. सुटल्यावर ओळखपत्रावर ‘माजी कैदी’ या अर्थाची दोन अक्षरं आणि दर सोमवारी लष्कराच्या कचेरीत हजेरी, वीसएक वर्षं. जनरल गेला, अक्षरं गेली, हजेरी बंद झाली. बूट राहिले.

“कुणाला सांगितलं नाहीत?” मी विचारलं.

“सुटताना सही घेतली होती. काही झालं नाही, असं लिहून दिलंय मी.” ती थोडी हसली. “आणि सांगितलं तर लोक काय म्हणतील? दाखव. दाखवलं तर म्हणतील, बघा, खूण आहे.”

लहानपणी आमचा एक खेळ होता. एकीने शिपाई व्हायचं, बाकीच्यांनी पळायचं. जी सापडेल तिचा फ्रॉक गुडघ्याच्या वर करून शिपायाने ओरडायचं, “खूण आहे” किंवा “खूण नाही”. खूण असली की ती बाद. हा खेळ आम्हाला कुणी शिकवला नव्हता. मोठी माणसं बोलायची, आम्ही ऐकायचो. म्बाहचं अंगण मोठं होतं, म्हणून आम्ही तिथेच खेळायचो. शिपाई बहुतेक वेळा मी व्हायची. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्या रविवारी दहा सुया मी पुऱ्या केल्या आणि निघाले.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. मी घरी शिकवणी घेते त्या मुलांची परीक्षा आहे असा निरोप धाडला. परीक्षा नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी निरोपही धाडला नाही. बाजारात जाताना साखर कारखान्याच्या रुळांवरून लांबचा वळसा घेतला, तिच्या खिडकीवरून जावं लागू नये म्हणून. तिची किळस आली नव्हती. तिच्यासमोर बसून केळं कसं खायचं, ते मला कळेना. एवढंच होतं. पण ती खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत असणार हेही मला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी मी दात घासत होते. मशिदीच्या कर्ण्यावर तिचं नाव आलं. वारसिती, वय एकोणसत्तर. मी तोंड न धुताच पळत सुटले.

जुमियातुन वाटीभर भाजी द्यायला गेली होती. दार आतून बंद. हाका मारून ओ आली नाही, तेव्हा पुरुषांनी खिडकीचे गज काढले. ती पलंगावर कुशीवर होती, तोंड दाराकडे.

दुपारच्या नमाजाआधी दफन करायचं ठरलं. मागच्या अंगणात बाक मांडला, चारी बाजूंनी सारोंग लावून आडोसा केला. बोराची पानं उकळत होती. बु मार्फुआ बाह्या सरसावून आली. मी पुढे झाले आणि सांगितलं की म्बाहची इच्छा होती, मीच धुवावं, एकटीने.

“एकटीने?” बु मार्फुआने माझ्याकडे पाहिलं. “मयत एकटीने उलटतं का, वेडे? तू डोक्याकडे राहा. मी पायाकडे राहते.”

“त्यांनी तसंच सांगितलं होतं, बु.”

बु मार्फुआने मान डोलावली. वाईट बाई नव्हती ती. “बरं. शेवटची इच्छा असेल तर तू आत राहा, आम्ही बाहेरून पाणी देतो. अडेल तेव्हा हाक मार.” मग ती हौदावर हात धुवायला वळली आणि दर वेळी विचारते तसं, पाठमोरीच, सगळ्यांना विचारलं, “कुणाला अडचण नाही ना?”

मी म्हणाले, “मला आहे. दुसरा दिवस.”

का म्हणाले, ते मी अजून शोधते आहे. लहानपणापासून हा प्रश्न आला की खरं उत्तर द्यायचं, एवढंच अंगात मुरलं होतं. नमाजाला विचारतात, रोज्याला विचारतात, मुली मान खाली घालून खरं सांगतात. तिथे कुणी कुणाला तपासणार नव्हतं. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. त्या बाईने उभ्या जन्मात इतकं खोटं निभावलं आणि मला तिच्यासाठी एवढंसं बोलता आलं नाही.

“मग कसं चालेल, न्दुक?” बु मार्फुआ म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मोठ्या बायका अडचणीत मयताला हात लावू देत नसत. काळजी करू नकोस. आम्ही आपल्या आईसारखी घालू आंघोळ.”

“बु, पण त्यांची इच्छा...”

“तिला पाक होऊन जायचंय. ही इच्छा त्याहून मोठी का?”

तरीही मी हट्ट धरू शकत होते. धरला नाही. मला आडोशाबाहेर बसवलं आणि मोगरा निवडायला दिला.

आत पाच जणी. सुरुवातीला आवाज येत होते. कापड धर. मान सांभाळ. किती हलकी झाली गं, नुसता कापूस. कुणीतरी म्हणालं, माझ्या मुलीच्या लग्नाचं नमाजाचं वस्त्र हिनंच शिवलं, काठाचे जादा पैसे घेतले नाहीत. पाणी ओतल्याचा आवाज. पुन्हा पाणी.

मग बोलणं थांबलं.

पाण्याचाही आवाज थांबला. कितीतरी वेळ. माझ्या हातात मोगऱ्याची फुलं होती, त्यांचे देठ मी खुडत राहिले. आत कुणीतरी दबक्या आवाजात देवाचं नाव घेतलं. मग बु मार्फुआचा आवाज, कोरडा: “पाणी घाल. थांबायचं नाही.” त्यानंतर शेवटपर्यंत फक्त पाणी.

पाच जणी बाहेर आल्या. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचे सात दिवस मी गल्लीत कान लावून होते. वाण्याकडे, नळावर. कुणी अक्षर काढलं नाही. पाचही जणींनी शब्द पाळला. रोज संध्याकाळी प्रार्थनेला येत, पहिल्या रांगेत बसत, म्बाहने शिवलेल्या वस्त्रांत. मनापासून प्रार्थना करत. मला आधी हायसं वाटलं, मग वाटेना. त्या काय समजून गप्प आहेत हे मला हळूहळू कळायला लागलं होतं.

मधल्या एका दुपारी मी मशिदीतल्या गुरुजींना गाठलं आणि अडचणीचं विचारलं. नुसतं माहिती म्हणून, असं सांगितलं. ते म्हणाले, मयताला आंघोळ घालायला त्याची हरकत नसते; बायकांनी आपल्या आपण रीत पाडली आहे. “कुणी अडवलं का तुला?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. तेव्हा मात्र ‘नाही’ चटकन आलं.

सातव्या दिवशी जेवणं झाल्यावर बु मार्फुआ आणि मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होतो. तांदळाचे अपेम उरले होते, ती ते पानांत बांधत होती. पान बांधता बांधता म्हणाली, “तुझा जीव होता तिच्यावर. म्हणून एक सांगते. तिच्यासाठी जास्त प्रार्थना कर.”

“का, बु?”

“कर. तिला लागेल.” तिने गाठ मारली. “माणूस तरुणपणी चुकतं. नंतरची तीस-पस्तीस वर्षं तर तिने नमाजाचीच वस्त्रं शिवली. देव तेही बघेल.”

मी ताट खाली ठेवलं. “ती खूण त्यांनी नव्हती गोंदवली. सैनिकांनी कापून केली. आधी काही नव्हतं.”

तिचा हात पानावर थांबला. पलीकडे ओसरीवर बायका बोलत होत्या.

“हळू बोल,” ती म्हणाली.

“गोदामात नेऊन. वीस वर्षांच्या होत्या.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. दाखवली पण.”

ती खाली बसली. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं भाजल्यासारखं. बोटाला लागलं ते.” आपल्या उजव्या हाताकडे तिने पाहिलं. “मी त्या चौघींना म्हटलं, खूण आहे, डोळे मिटा, पाणी घाला. मी म्हटलं तसं. मीच.”

“मग आता त्यांना सांगा ना, बु.”

“काय सांगू?” तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. “पाहिलेलं बोलायचं नाही अशी शपथ मीच घातलीय त्यांना. मी तोंड उघडलं की त्या उघडतील. एक म्हणेल कापलेली होती, दुसरी म्हणेल गोंदलेली. आठवड्यात अख्ख्या गावाला तिची मांडी ठाऊक होईल. तिला हेच नको होतं ना?”

मी खाली ठेवलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं.

“त्या दिवशी अडचण आहे म्हणून सांगितलंस कशाला गं?” तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं. मग स्वतःच मान हलवली, अपेमचं एक पान माझ्या हातात दिलं आणि ओसरीवर गेली. बाहेर तिचा नेहमीचा आवाज आला: “चला, कुणाकुणाला घरी न्यायचंय? नंतर म्हणू नका मार्फुआने सगळं एकटीने खाल्लं.”

घरमालकाला खोली रिकामी हवी होती. गिऱ्हाइकांची कापडं ज्याची त्याला द्यायचं काम माझ्याकडे आलं. पेटीत सहा पुडकी होती, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. सगळी कामं पुरी झालेली. तळाशी तो पांढरा झगा होता. त्याला चिठ्ठी नव्हती.

मी तो पलंगावर पसरला. उंची तिची होती. जाड दुहेरी कापड, ओलं झालं तरी आतलं दिसणार नाही असं. कुशींतल्या फटींत मी हात घालून पाहिला. धुणारीचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या होत्या त्या, आणि आतून एक पदर असा लावला होता की हात फिरेल पण कापड उघडणार नाही. हा झगा घातला असता तर पाच काय, पन्नास बायका चालल्या असत्या.

उजवी बाजू पुरी झाली होती. उजवीकडचे टाके सावकाश, सारखे, महिन्यामहिन्यांचे. डावीकडचे घाईचे होते, लांब लांब, एकामागोमाग. काखेपासून कमरेपर्यंत शिवण आली होती. कमरेखाली झगा पावलांपर्यंत उघडा होता.

सुई तिथेच टोचलेली होती. तिच्यात बोटभर दोरा.

सुयांची उशी खिडकीत, तिच्या खुर्चीपाशी होती. तिच्यात नऊ सुया. नऊही रिकाम्या.